आतून लावलेली कडी

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकताई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ताईचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं बसला होता, की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानासुद्धा पडद्यावर कुणी गाडी भरधाव काढली की पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. तो पाहुण्यांना सांगायचा, "मी लोकांना वर-खाली करतो आणि ही जागच्या जागी थांबवते. दोघांचं मिळून बरं चाललंय."

थांबवण्याची, सांभाळण्याची सवय मात्र नोकरीच्या आधीची. वडील लवकर गेले. आई दवाखान्यात नर्स, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. धाकटी बहीण ताईपेक्षा अकरा वर्षांनी लहान, इतकी इवलीशी जन्मली की शेजारणी तिला ठकी म्हणायला लागल्या, लाकडी बाहुलीसारखी म्हणून. ठकीच्या वेण्या ताईने घातल्या, गोवर आला तेव्हा उशाशी ताई बसली, शाळेतून बोलावणं आलं की पालक म्हणून ताईच जाऊन उभी राहिली. ठकीने औषधशास्त्र शिकून मेडिकलचं दुकान टाकलं, त्या दिवशी आई हयात नव्हती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ताईच रडली, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून डोकेदुखीची गोळीही तिनेच घेतली.

मग ठकीचं लग्न झालं आणि मोडलंही. का मोडलं ते ठकीने कधी धड सांगितलं नाही, ताईने कधी खोदून विचारलं नाही. एका सकाळी ठकी एक बॅग घेऊन ताईच्या दारात आली, कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून बसली. ताई दाराबाहेर जमिनीवर बसली, दाराला पाठ टेकून. नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. आतून हूं नाही की चूं नाही. ताईच्या मनात नाही नाही ते येत होतं. ती अधूनमधून एकच वाक्य म्हणायची, "ठके, दार उघड ना गं." दिवेलागणीला कडी सरकली. दोघींनी त्या दिवसाबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

त्याच सुमारास ताईकडे एक मास्तर गाडी शिकायला येत होता. शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या, पण गाडी मागे घेताना डावं-उजवं कळत नसे. दोनदा परीक्षेत नापास झाला. स्वभाव मात्र लाघवी. सिग्नलला थांबलं की गोष्टी सांगायचा, आणि त्याच्या गोष्टींतल्या राक्षसांपायी मागच्या गाडीवाल्यांना हॉर्न वाजवावे लागायचे.

"हे सगळं तू कुठे वाचतोस?" ताईने एकदा विचारलं.

"वाचत नाही, ताई. खेळतो."

मग त्याने समजावलं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, म्हणजे मुलूख, राजे, राक्षस, वादळं ही सगळी त्याची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. सूत्रधार विचारणार, 'समोर दरी आहे, काय करतेस?' तुम्ही म्हणणार, 'उडी मारते.' उडी जमली की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस पडले तर पलीकडे, एक पडला तर दरीत.

"म्हणजे मोठ्यांची भातुकली," ताई म्हणाली.

"तेच. आणि आम्ही ती आता रेकॉर्ड करून पॉडकास्ट करायचं म्हणतोय. लोक फोनवर ऐकतील. मी आहे, माझा एक डॉक्टर मित्र आहे. अजून दोघं पाहिजेत. तुम्ही याल?"

ताईने त्याला वेड्यात काढलं. पण त्याच आठवड्यात एकदा ती गाडीत गप्प गप्प होती. मास्तरने विचारलं, "ताई, आज काय झालंय?" आणि कुणापाशी बोलली नव्हती ते ताई बोलून गेली. दार, कडी, तो दिवस, ते वाक्य, सगळं. शेवटी म्हणाली, "तिला घरातून बाहेर काढायला काहीतरी निमित्त पाहिजे रे. मी येते तुझ्या खेळात, पण तिलाही घे. आणि हे तुझ्यात नि माझ्यात."

मास्तरने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीवर ठेवला. "शब्द."

"दोन्ही हात स्टिअरिंगवर," ताई म्हणाली, पण तिला बरं वाटलं.

तर असा तो खेळ सुरू झाला. डॉक्टर दातांचा होता. रविवारी दुपारी त्याचा दवाखाना बंद असे आणि आतली खोली चांगली शांत होती. दात काढायची खुर्ची भिंतीशी सरकवायची, मधे टेबल मांडायचं, टेबलावर माईक. मास्तरने पुठ्ठ्यावर नकाशा रंगवला होता. डोंगर कशाचे करायचे, तर कपाटात पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे पडले होतेच. कुणाच्या तरी दाढांची डोंगररांग, कुणाच्या सुळ्यांचा किल्ला. खोलीला लवंगेच्या तेलाचा वास यायचा. पहिल्या दिवशी ठकी म्हणाली, "हा मुलूख कुणाच्या तोंडातला आहे ते तरी सांगा," आणि सगळे फुटले. ठकीला हसताना ताईने कित्येक महिन्यांनी ऐकलं. तो भाग आल्यावर तिने ते हसणं भांडी घासताना पुन्हा पुन्हा लावलं.

ताई झाली वाटाडी. डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेली, लोकांना घाटापार नेऊन सोडणारी. ठकीने जादूगारीण घेतली, आग गोठवणारी. डॉक्टरने चोर घेतला, पण तो इतका सरळ माणूस की खेळातसुद्धा चोरी करण्याआधी "चालेल ना?" असं विचारायचा. आणि गंमत अशी, की जन्मभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबणारी ताई त्या टेबलाशी बसली की सुसाट सुटायची. लांडग्यांच्या कळपात शिरायची, पूर आलेल्या नदीत घोडा घालायची. मास्तर म्हणायचा, "ताई, जरा विचार करा," आणि ती म्हणायची, "विचार सोमवारपासून."

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'पल्याडचा मुलूख'. आधी नातेवाइकांनी ऐकला, मग डॉक्टरच्या पेशंटांनी, मग अनोळखी लोकांनी. नवरा लिफ्टच्या खोलीत पाना फिरवताना ऐकायचा आणि घरी येऊन सल्ले द्यायचा: "त्या बुटक्या सरदारावर भरवसा ठेवू नकोस, त्याचा आवाजच तेलकट आहे." ड्रायव्हिंग स्कूलमध्ये 'वाटाडीकडूनच शिकायचंय' म्हणून दोघीतिघी आल्या. ताई वरवर "काहीतरीच" म्हणायची, पण आरशात बघून माईकसमोर कसं बसायचं याचा सरावही करायची.

एक पर्व झालं, दुसरं सुरू झालं. मास्तरच्या बोलण्यात मुलूख कमी आणि ऐकणारे जास्त यायला लागले. ऐकणारे कुठे बंद करतात, कुठे परत मागे जाऊन ऐकतात. "लोकांना धक्का पाहिजे," तो म्हणायचा. ताई म्हणायची, "धक्का द्यायचा तर आधी हॉर्न वाजवावा." सगळे हसायचे, पण पूर्वीसारखे नाही.

मग ताईच्या लक्षात आलं, की ती खोलीत शिरली की तिघांचं बोलणं मधेच तुटतं. ठकी फोन पालथा घालते. डॉक्टर उगाच हात धुवायला उठतो. दुसरी कुणी असती तर मनात पाल चुकचुकली असती. पण ताईचा वाढदिवस तोंडावर आला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "काहीतरी शिजतंय हं तिघांचं. मी आपलं माहीत नसल्यासारखं दाखवणार."

"नवीन कुर्ता घालून जा," नवरा म्हणाला. "फोटोबिटो काढतील."

ती घालून गेली. फिकट निळा, गळ्याशी बारीक नक्षी असलेला.

त्या रविवारी खेळात मोठा प्रसंग होता. जळालेल्या गावातली माणसं घेऊन वाटाडी, जादूगारीण आणि चोर एका किल्ल्याशी पोचले होते. पाठीवर शत्रूची फौज. किल्ल्याआधी एक अरुंद पूल होता. कुणीतरी पुलावर उभं राहून फौज थोपवायची, तोवर बाकीच्यांनी माणसं आत न्यायची. कोण थांबणार? विचारायचीही गरज नव्हती. "मी आहे ना," ताई म्हणाली. ठरलं असं, की काम झालं की वाटाडीने दारावर तीन थापा मारायच्या आणि जादूगारणीने दार उघडायचं.

ताईने फासा टाकला. वीस. ती खुर्चीतून उठून ओरडलीच. पुन्हा टाकला, सतरा. फौज पुलावरच थोपवली गेली. वाटाडीच्या खांद्यात बाण घुसला होता, पण ती पळत, खुरडत किल्ल्याच्या दाराशी आली. ताईने माईकजवळ टेबलावर बोटांची पेरं आपटली. ठक, ठक, ठक.

"जादूगारीण, काय करतेस?" मास्तरने विचारलं.

ठकी म्हणाली, "मी आतून कडी लावते."

ताई हसली. तिला वाटलं, आता केक येणार. तिने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर फरशीकडे बघत होता.

"अगं, मी आहे," ती वाटाडीच्या आवाजात म्हणाली. "फौज गेली. उघड."

ठकीच्या हातात एक कागद होता. तो आला कधी ते ताईला दिसलंच नव्हतं. ठकीने वाचलं, "तू आम्हाला इथवर आणलंस, वाटाडे. पण गेले कित्येक महिने मी तुझ्या नाही, त्या फौजेच्या राणीच्या बाजूने आहे. आता आम्हाला वाट दाखवणारी नको."

"चोरा, तू?" मास्तर म्हणाला.

"मी... अडवत नाही," डॉक्टर पुटपुटला.

मास्तरच्या लॅपटॉपवरून हळूच सारंगीसारखं काहीतरी वाजायला लागलं. म्हणजे संगीतसुद्धा आधीच निवडून ठेवलेलं होतं. ताईने फासा उचलला. "बरं. मी दार फोडते. किती पाहिजेत?"

"इथे फासा नाही, ताई," मास्तर म्हणाला. "दाराला कान लावा. आतून काय ऐकू येतं?"

आतून काय ऐकू येतं! ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे इतक्या उत्सुकतेने बघत होता, जणू उकळी फुटायची वाट बघतोय. आणि तिला कळलं, की हे दार त्याने कुठून आणलंय. तिने ठकीकडे पाहिलं. ठकी कागदातून डोकं वर काढत नव्हती. ताईच्या तोंडून वाटाडीचा आवाज कुठल्या कुठे गेला आणि तिचा स्वतःचा, घरातला, जमिनीवर बसलेला आवाज बाहेर आला.

"ठके, दार उघड ना गं."

ठकीने कागद खाली ठेवला.

"नाही," ठकी म्हणाली.

मग मास्तरने फार सुंदर शब्दांत वाटाडीला मारलं. शत्रूची उरलेली टोळी परत आली, बाण आले. ताईने काही ऐकलं नाही. रेकॉर्डिंग थांबताच मास्तर टाळ्या वाजवत उठला. "सोनं! ताई, सोनं दिलंत! असं आजवर कुणी केलं नसेल!"

डॉक्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. ताईने तो घेतला नाही. पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली, "माझं ते एक वाक्य काढून टाक. बाकी मारायचं तसं मार."

"काढतो," मास्तर म्हणाला. "शब्द."

ठकी माईकची वायर गुंडाळत होती. वाढदिवस मंगळवारी होता. सकाळी तिचा मेसेज आला, त्यात फुलांचं चित्र होतं.

घरी ताईने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की वाटाडी मेली. "असं कसं मारलं?" तो हळहळला. "वीस पडले होते ना?" ताई म्हणाली, "खेळ आहे. चालायचंच." आणि तिने स्वतःचीही तीच समजूत घातली. खेळच आहे. आपण मोठ्या झालो, रुसायला काय लहान आहोत?

तो भाग आल्यावर तिने ऐकला नाही. तिला कळलं ते तिसऱ्या दिवशी, चौकात. गाडी चालवायला बसलेली बाई पन्नाशीची होती, बँकेत कॅशियर, आणि पहिला गिअर टाकायचा म्हटलं की तिला घाम फुटे. सिग्नल लाल होता. बाई म्हणाली, "मॅडम, एक सांगू? तुमचा नवा भाग ऐकून मी ढसाढसा रडले. माझी मुलगी तर दिवसभर घरात तेच करतेय." आणि तिने बोटांनी स्टिअरिंगवर तीनदा टकटक केली, आणि हसत, लाडीक सूर काढून म्हणाली, "ठके, दार उघड ना गं! काय अभिनय हो मॅडम तुमचा!"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. ताई म्हणाली, "हळू क्लच सोडा," पण तिचा स्वतःचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघा नवरा-बायकोंनी तो भाग ऐकला. भागाचं नावच 'दार' होतं. सुरुवातीला, संगीताच्याही आधी, मास्तरने ते वाक्य एकटंच ठेवलं होतं. नवऱ्याने फोन बंद केला. तो त्या दिवशी घरात होता. निवलेला चहा त्यानेच परत नेला होता.

"हे तर खरं आहे," तो म्हणाला. "हे तू खेळात नाही म्हटलेलं."

ताईने फोन टेबलावर पालथा घातला.

"ठकी नावच असं ठेवलं बघ..." तो चिडून काही कोटी करणार होता, पण ताईच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. मग हळू म्हणाला, "आता कुणाला बोलशील? आपलेच दात अन् आपलेच ओठ."

दुसऱ्या दिवशी ताई ठकीच्या दुकानात गेली. काउंटरवर गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ खोकल्याचं औषध साखरेचं की बिनसाखरेचं यावर वाद घालत होते. ताई बाजूला उभी राहिली. ठकीने तिला पाहिलं आणि त्यांना लगबगीने बाटली काढून दिली.

"ताई, आत ये ना. चहा सांगते."

"नको. कधीपासून ठरलं होतं?"

ठकीने उगाच कपाटातली खोकी सरळ केली. "तीन महिने. मास्तरची कल्पना. आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती. ताई, खेळ आहे तो."

"मी म्हटलं होतं ते वाक्य काढ. तू तिथे होतीस."

"तो म्हणाला, तेच तर सगळ्यात..."

"तू काय म्हणालीस?"

एक मुलगी पट्टी घ्यायला आली. ठकीने दिली, सुट्टे पैसे दिले. मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "मी ठेव म्हणाले."

ताईने खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली.

"आणि तूच सांग," ठकीचा आवाज चढला, मग दुकानाचं भान येऊन पडला. "मास्तरला त्या दिवसाचं कुणी सांगितलं? मी नाही. तो मला म्हणाला, 'असं एक दार ठेवू या,' आणि मला लख्ख कळलं. माझा तो दिवस, ताई. माझा. तो तू एका गाडी शिकणाऱ्याला सांगितलास. अडीच वर्षं मी त्याच्यासमोर बसून हसतेय, आणि त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं."

"तुझ्यासाठीच सांगितलं गं. तू बाहेर पडावीस म्हणून..."

"माझ्यासाठीच! सगळं माझ्यासाठीच असतं तुझं. खेळातसुद्धा पुलावर कोण थांबणार, तूच ठरवणार. मी आत, तू बाहेर. एकदा तरी मला..." ठकी थांबली. तिने काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवलं. "एकदा तरी मला नाही म्हणायचं होतं."

"मग घरी येऊन म्हणायचं होतंस. हजार वेळा म्हणायचं. मी ऐकलं असतं." ताईचा आवाज अगदी खाली आला होता. "त्या दिवशी मला वाटलं होतं तू आत मेलीयेस. तेवढंच वाटलं होतं. आणि तू तेच अख्ख्या जगाला ऐकवलंस."

ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात म्हातारे गृहस्थ परत आले, चष्मा विसरला होता. ताई पायरी उतरून गेली.

मास्तर स्वतःहून आला, पंधरवड्याने. ड्रायव्हिंग स्कूलच्या टपरीवजा ऑफिसात, हातात फोन, चेहऱ्यावर तोच लाघवीपणा. ऐकणाऱ्यांनी वाटाडी परत मागितली होती. तिसऱ्या पर्वात तिचं भूत यावं अशी त्याची योजना होती. भूत जादूगारणीच्या मागे लागणार, रोज दारावर थाप मारणार.

"शब्द दिला होतास," ताई म्हणाली.

"ताई, मी कापायला बसलो होतो. खरंच. पण ते वाक्य काढलं की त्या भागातून जीवच जायचा. मी तीनदा ऐकलं. माझे हातच चालेनात."

"गाडीत बसून मी तुला काय सांगितलं होतं? कुणाचं सांगितलं होतं?"

"गोष्ट सांगणाऱ्याला कुठून तरी घ्यावंच लागतं."

"मग विचारून घ्यायचं."

"विचारलं असतं," मास्तर म्हणाला, आणि यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं हेच ताईला नंतर जास्त लागलं, "तर ते तसं आलंच नसतं."

ताई हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण तिला हसू आलं. दोनदा नापास झालेल्या या माणसाला तिने तिसऱ्यांदा पास करून आणलं होतं, मैदानात उन्हात उभं राहून. "मास्तर," ती म्हणाली, "केसाने गळा कापतात म्हणतात ना, ते नुसतं ऐकलं होतं. आता बघितलं. तुझं चांगलं चालू दे. माझा शिकाऊ येऊन थांबलाय." आणि ती गाडीकडे निघून गेली.

डॉक्टरही येऊन गेला. तो दारातच उभा राहिला, बूटही काढेना. "मी बोलायला हवं होतं. मला तेव्हाच बरं वाटत नव्हतं."

"बसा तरी," ताई म्हणाली. तिला त्याच्यावर राग धरता आला नाही. "तुम्ही चोराचं काम नीट केलंत. चोरी मात्र दुसऱ्यांनीच केली." डॉक्टरने ते हसण्यावारी नेलं नाही. चहा पिऊन तो गेला आणि पुन्हा त्या खेळात बसला नाही.

'पल्याडचा मुलूख' चालूच राहिला. वाटाडीच्या जागी एक नवीन आवाज आला, तरुण, चांगला. जादूगारीण आता खलनायिका झाली होती आणि लोकांना फार आवडत होती. ठकी अख्खं तिसरं पर्व खेळली. ते वाक्य त्या भागाच्या तोंडाशी अजूनही आहे. कुणीतरी त्याची रिंगटोन केली, आणि एकदा बाजारात अनोळखी माणसाच्या खिशातून ताईला स्वतःचा आवाज ऐकू आला. ती तिथेच पिशवी खाली ठेवून उभी राहिली. त्या माणसाने फोन उचलला आणि कुणाला तरी सांगितलं की तो दहा मिनिटांत पोचतोय.

तिसरं पर्व संपल्यावर ठकीनेही खेळ सोडला. एक दिवस ती ताईकडे आली आणि म्हणाली, "माझं चुकलं." ताई म्हणाली, "माझंही चुकलंच होतं. तुझं तुझ्यापाशी ठेवायला हवं होतं मी." दोघी खूप रडल्या. नवऱ्याने चहा केला, आणि तो दोघींनी गरम असतानाच प्यायला. येणंजाणं सुरू झालं. ठकी रविवारी येते, दुकानातल्या गमती सांगते, भावोजींशी पैजा लावते. बाहेरून बघणाऱ्याला कसलाही तडा दिसणार नाही.

पण गेल्या महिन्यात ताईचा गुडघा धरला. इतकी वर्षं ब्रेक दाबून दाबून झिजलाय, असं हाडांच्या डॉक्टरने सांगितलं. वर्षभरात शिकवणं सोडावं लागेल, कदाचित आधीच. ताई चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. ठकीचं दुकान दोन चौक पुढे होतं. ताई त्या दिशेला गेली नाही. दवाखान्यासमोर एक छोटं मेडिकल होतं, तिथे गेली. काउंटरवरच्या अनोळखी माणसाने गोळ्या मोजून पाकिटात घातल्या.

घरी नवऱ्याने पाकिटावरचं दुसऱ्या दुकानाचं नाव पाहिलं. "ठकीकडे का नाही गेलीस? तिने नीट समजावलं असतं."

"तिला कशाला?" ताई म्हणाली. "उगाच काळजी करत बसेल."

"सांगितलंयस का तिला गुडघ्याचं?"

"सांगेन," ताई म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास आणायला उठली.

ठकी रविवारी आली. "ताई, चालताना जरा लंगडतेस का गं?"

"छे," ताई म्हणाली. "चप्पल नवीन आहे."